सोमवारचा कोपरा

कापणीच्या सणाला नागूच्या घरची भाताची पेंढी वेदीवर सगळ्यांत आधी जायची, हा मंडळीतला तीस वर्षांचा रिवाज होता. मंडळी म्हणजे काय, तर चौक गावाच्या अलीकडच्या तीन-चार गावांतली पंधरा-सोळा ख्रिस्ती घरं. आणि प्रार्थनेची जागा म्हणजे नागूच्याच घराची पुढची पडवी. मधली भिंत पाडून मोठी केलेली, वर पत्रे, समोर वेदी म्हणून एक टेबल आणि टेबलावर नागूच्या बायकोनं, शकूनं, स्वतः धुऊन कडक केलेलं पांढरं कापड.

त्या रविवारी सकाळी काठी टेकत नागू पडवीत आला आणि टेबलापाशी थबकला. जूनअखेर पायरीवरून घसरून त्याचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंतर घरातली कुठलीही गोष्ट त्याच्यापर्यंत उशिरानंच पोचायची. टेबलावर भोपळा होता, काकड्या होत्या, केळ्यांचा घड होता, कुणीतरी मधाची बाटली ठेवली होती. आणि बरोबर मधोमध, पेंढीच्या जागेवर, दहा किलो कोलमची प्लास्टिकची पिशवी उभी होती. पिशवीवर नथ घातलेली एक बाई हसत होती.

"ही बाई कोन?" नागूनं विचारलं.

विपुल सतरंज्या अंथरत होता. नागूचा हा एकुलता एक मुलगा, रसायनीकडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये सुपरवायझर आणि मंडळीचा सेक्रेटरी. त्यानं मान वर केली नाही. "तांदूळ हाय, बाबा. काल खालापुरातनं आणला."

"शेतकऱ्याच्या घरी दुकानातला तांदूळ? आपली पेंढी कुठं हाय?"

"माळ्यावर ठेवलीय."

"का?"

आता विपुल उभा राहिला. सदतीस वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. उभं राहायची पद्धत थेट बापाची. "बाबा, ते भात रविवारी लावलेलं हाय. तुमीच सांगा, देवाचा दिवस मोडून लावलेलं भात देवापुढं कसं ठेवायचं?"

मुलाच्या तोंडातले शब्द नागूचेच होते, त्यानंच एकेक करून तिथं भरलेले.

"मी नव्हतं लावायला सांगितलं," तो कसाबसा म्हणाला.

"मला ठाऊक हाय. तुमी खाटेवर होता. पन लावलं ते रविवारीच ना?"

लावलं होतं ते चिंधीनं. चिंधी म्हणजे नागूच्या थोरल्या भावाची, बुधाजीची बायको, आणि चैत्रापासून त्याची विधवा. जुलैत मजूर मिळेनात, विपुलला सुट्टी मिळेना, राबात वाढवलेली रोपं लावणीवाचून पिवळी पडायला लागली, तेव्हा एका रविवारी सकाळी ती दोन्ही सुना आणि शेजारच्या सहा बायका घेऊन नागूच्या खाचरात उतरली. सुना कंपनीत कामाला, त्यांना सुट्टी रविवारचीच. नागू खाटेवर असल्यानं त्या दिवसांत मंडळीची प्रार्थना खालापूरला व्हायची, विपुल तिकडे गेला होता. तो परत आला तेव्हा तिन्ही खाचरं हिरवी झाली होती आणि बायका बांधावर बसून चहा पीत होत्या. चहा हर्षलानं, विपुलच्या बायकोनं, केला होता, आणि त्यावरून नवराबायकोत चार दिवस अबोला होता.

"आई, तू सांग ना काहीतरी," हर्षला स्वैपाकघराच्या दारातून म्हणाली. "काकी नसत्या आल्या तर यंदा घरात दाना आला नसता."

शकू खुर्च्या पुसत होती. "विपुल बोलतो ते बरोबरच हाय. यांनी सख्ख्या भावासाठी रविवार मोडला नाय, मग आता कशाला मोडायचा?"

"पन मोडला तो त्यांनी. आपन नाय."

"खानार कोन, आपनच ना? खा की. देवापुढं नको, एवढंच म्हनतोय तो."

हर्षलानं सासऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. नागूनं खुर्ची ओढली आणि नथवाल्या बाईसमोर बसून राहिला.

एकतीस वर्षांपूर्वी शकूचा ताप महिनाभर उतरेना, तेव्हा एक म्हातारे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, सायकलवरून रोज येऊन तिच्या उशाशी प्रार्थना करत. ताप उतरला. त्याच उन्हाळ्यात नागूनं पाताळगंगेत बाप्तिस्मा घेतला. त्याचा विश्वास खोटा नव्हता, हे आधी सांगायला हवं; त्यानं दारू सोडली ती कायमची, आणि शकूवर पुन्हा हात उचलला नाही. पण आठवड्याभरात चौकच्या नाक्यावर, गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवर, बुधाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "आमचा नागू आता साहेब झाला. उद्या पाटलोन घालून नांगर धरील." सगळे हसले. बुधाजी स्वभावानं चेष्टेखोरच होता. उद्या विसरून जाईल अशी चेष्टा. नागू मात्र ती घरी घेऊन आला.

त्या जुलैत दोन्ही भावांची सावड होती, नेहमीसारखी. आज तुम्ही सगळे आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या. बुधाजीच्या घरानं शनिवारी नागूची लावणी करून दिली. फेडीचा दिवस आला रविवारी. बुधाजी सकाळी बोलवायला आला तेव्हा नागू म्हणाला, "सोमवारी येतो." संध्याकाळी ओढा फुटला आणि बुधाजीच्या खालच्या खाचरात लावलेलं रोप आणि उपटून ठेवलेल्या मुठी, सगळं वाहून गेलं. ते खाचर त्या वर्षी पडीक राहिलं. सोमवारी लावायला रोप उरलं नव्हतं, आणि नागू गेलाही नाही.

पुढं कधीतरी मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे विश्वासाचा स्वतःचा अनुभव सांगायची, वेळ आली, तेव्हा नागूनं ही गोष्ट सांगितली. भाऊ दारात उभा, आभाळ भरलेलं, आणि मी म्हटलं, आज माझ्या देवाचा दिवस. लोकांना आवडली. मग दर कापणीच्या सणाला ती सांगायचीच झाली. काही वर्षांनी तिला शेपूटही फुटलं. पडवीच्या खिडकीतून बुधाजीचं खालचं खाचर दिसायचं. लावणीच्या दिवशी ते सगळं हिरवं व्हायचं, पण ओढ्याकडचा एक कोपरा उघडाच राहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठं तो लागायचा. नागू खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचा, बघा, अजून त्याचा तो कोपरा वेळेवर लागत नाय. देव खूण ठेवतो. लोक माना डोलवायचे.

प्रार्थनेला पडवी भरली. पास्टर दशरथ कर्जतहून आले होते, जेमतेम तिशीतले, बोलायला गोड. त्यांनी द्राक्षवेल आणि फांद्या यांवर बायबलातलं वचन सांगितलं. "फांदी फळ आणायला जोर लावत नाही," ते म्हणाले. "ती नुसती वेलाला धरून राहते. वेलाचं ऐकणं हेच तिचं काम. आपल्यात असं ऐकणारं एक माणूस आहे. त्यांची साक्ष आज रविवारच्या शाळेची मुलं नाटक करून दाखवणार आहेत."

नागूला याची काहीच कल्पना नव्हती. त्याच्या नातीनं, रियानं, त्याचंच जुनं धोतर गुंडाळलं होतं. समोरून संजना नावाची मुलगी आली, ओठांवर काजळाची भली मोठी मिशी, डोक्यावर इरलं, चालताना मुद्दाम झोकांड्या खात. पडवीत हशा पिकला.

"ए नागू," संजना घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चल रं शेतात. तुझा देव काय भात लावनार हाय का?"

रियानं छातीवर हात ठेवला. "दादा, आज माझ्या देवाचा दिवस. सोमवारी येतो."

"जा मर," मिशीवाला बुधाजी म्हणाला, आणि वाहून जाणाऱ्या रोपांमागं धावत तोंडावर पडला. लोक पुन्हा हसले. विपुल हसला. शकू पदर तोंडाला लावून हसली. रियानं खिडकीकडे बोट केलं आणि सगळ्या मुलांनी एका सुरात म्हटलं, "बघा, अजून तो कोपरा."

नागू हसला नाही. बुधाजी कधी झोकांड्या खात चालला नव्हता. ताठ चालायचा तो, खांद्यावर लहानग्या नागूला घेऊन चौकच्या बाजाराला जायचा. आणि "जा मर" असं त्यानं म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला होता, "बरं. सोमवारी ये मग." चैत्रात तो गेला तेव्हा नागू मसणात गेला होता, पण लांब झाडाखाली उभा राहिला आणि तसाच परतला. आता समोर ती पोर मिशी पुसत हसत होती. तीस वर्षांत आपण काय पिकवलं ते त्याला एकदम दिसलं.

"काका, दोन शब्द," पास्टर म्हणाले.

नागू काठीवर भार देऊन उठला. "बसा रं पोरांनो," तो म्हणाला. "चांगलं केलंत. पन ही गोष्ट मी सांगितली तशी घडली नाय."

लोकांना वाटलं, म्हातारा लाजतोय.

"त्या रविवारी प्रार्थना दहाला संपली. तवाचे म्हातारे पाळक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हनाले, नागू, आता भावाच्या शेतात जा. तू त्याचा दिवस घेतलास, तो देऊन टाक. देव रागवायचा नाय. मी म्हटलं, जातो. आन् घरी येऊन या खिडकीत बसलो." त्यानं घसा साफ केला. "दादा, वैनी आन् दोन पोरं, चौघंच लावत होती. मी बघत होतो. पावसानं जोर धरला तेव्हा मला बरं वाटलं. चौकात माझ्यावर हसला होता ना, म्हटलं, आता बघ. देवाचा दिवस वगैरे मी मागनं जोडलं. देवाच्या मानसानं जा सांगितलं होतं, मी गेलो नाय. मी ऐकनारा मानूस नाय. तुमाला खोटं सांगत आलो."

पास्टर दशरथनी हातातलं बायबल मिटलं.

विपुल उठून जवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे आज सांगायचं होतं का? सगळ्यांसमोर?"

"खोटं सगळ्यांसमोरच सांगितलं ना, पोरा."

शकूचा चेहरा बघवत नव्हता. "मला तरी सांगायचं," ती म्हणाली. "विपुलच्या वेळी माझं बाळंतपन जावेनं केलं. तुमच्या त्या एका गोष्टीपायी एकतीस वर्ष मी तिच्या दारात पाऊल टाकलं नाय. बोलावनं आलं तरी नाय गेले. वाटायचं, आपन देवाचं ऐकतोय." पदरानं तोंड पुसून ती उठली आणि सुनेला म्हणाली, "हर्षला, शिडी धर. माळ्यावरनं पेंढी काढायचीय."

"आई..." विपुल म्हणाला.

"तू गप." टेबलापाशी जाऊन तिनं कोलमची पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. भिंतीकडे तोंड करून.

पास्टर म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

"तुमी करा," नागू म्हणाला. "माझी क्षमा मागायची जागा दुसरीकडं हाय. विपुल, मला खालच्या खाचरापर्यंत ने."

विपुल नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. पण बापाचं ऐकायची सवय एका सकाळीत जात नाही. त्यानं वडिलांच्या दंडाखाली हात घातला.

एरवी पाच मिनिटांची वाट, त्यांना वीस मिनिटं लागली. कापणी होऊन गेली होती, खाचरांत नुसते भाताचे खुंट. अर्ध्या वाटेत विपुल म्हणाला, "मी शाळेत असताना ही गोष्ट सांगून बक्षीस मिळवलेलं. पाठ करून बोलायची स्पर्धा होती."

"ठाऊक हाय."

"काकांची पोरं बोलवायची मला. ओढ्यावर, खेकडे पकडायला. मी जायचो नाय. मला वाटायचं, ते लोक वेगळे." थोडं चालून तो म्हणाला, "मला जायचं असायचं, बाबा."

नागूनं मुलाचा हात जरा घट्ट धरला.

चिंधी खाचराच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात होती. पंचाहत्तरीची बाई, पण कुदळ उचलून मारत होती. भात निघालं की जमिनीत ओल असेपर्यंत वाल टोचून घ्यायचे, त्याची ही घाई. बांधावर एका वाटीत बियाण्याचे वाल होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नागू नऊ वर्षांचा होता. ती त्याला नावानंच हाक मारायची.

"नागू? पाय मोडलेला मानूस, हितं कशाला तडफडलास रं?"

"वैनी." नागू बांधावरच थांबला. वाटेत जुळवलेलं सगळं विसरला. "त्या रविवारी मला येता येत होतं. पाळकानं जा म्हटलेलं. मी मुद्दाम आलो नाय."

चिंधीनं कुदळ खाली ठेवली. "म्हायती हाय."

"तुला?"

"मला आन् त्याला, दोघांना. तुमचा तो सायकलवाला पाळक त्याच दुपारी हितं आलेला, भिजत. विचारत होता, नागू पोचला का म्हनून. आमी म्हटलं, नाय. बिचारा धोतर खोचून चिखलात उतरला, दोन मुठी लावल्यान. वाकड्यातिकड्या."

"मग दादा मला कधी बोलला का नाय?"

"काय बोलनार? तू सोमवारी येतो म्हनालेलास ना." चिंधी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "दर साल रविवारी लावनी करून एवढा कोपरा ठेवायचा तो. आठ-दहा मुठी पान्यात राखायच्या. आमी वैतागायचो, सगळं होतंय तर हेपन लावून टाका, उद्या परत कोन येनार. तर म्हनायचा, असू दे, नागू सोमवारी येतो म्हनालाय. दुसऱ्या दिवशी वाट बघायची आन् तिन्हीसांजेला एकट्यानं लावून घरी यायचं. सुना हसायच्या. पन ऐकायचा नाय."

विपुलनं दंडाखालचा हात काढून घेतला नसता तर बरं झालं असतं, असं नागूला वाटलं. त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. खिडकीतून बोट दाखवून त्यानं लोकांना जी खूण दाखवली होती, ती ही. आपल्यासाठी एकतीस पावसाळे राखून ठेवलेली जागा.

कोपऱ्याभोवती भाताचे खुंट होते. कोपऱ्यात मात्र खुंट नव्हते, नुसतं वाळलेलं गवत, अर्धं कुदळीनं उलटलेलं.

"औंदा?" त्यानं विचारलं.

"औंदा मी ठेवला, त्याच्या नावानं. तू तर खाटेवर, आन् लावनारा गेला. राहिला तसाच." चिंधीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हटलं, वाल तरी टोचू. मोकळा बघवत नाय."

वर पडवीत गाणं सुरू झालं होतं. पिकाबद्दल उपकार मानायचं. वाऱ्यावर त्याचे तुकडे येत होते.

"माझं चुकलं, वैनी."

"मला नको सांगू. सांगायचं तो गेला." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग त्याचा पडलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "जा आता घरी. तुझी प्रार्थना चाललीय. रविवार हाय तुझा. लय वाटलं तर उद्या ये सोमवारी, दोन ओळी तुझ्यासाठी ठेवते."

टोमणा नव्हता तो. ती सरळ मनानं बोलली होती. नागूच्या तोंडात 'येतो' आलं. जिभेच्या टोकावर आलेला तो शब्द त्यानं गिळला.

काठी त्यानं विपुलच्या हातात दिली. बांधाला धरत, एक पाय लांब ठेवून, तो आधी टेकला आणि मग घसरत खाली उलटलेल्या मातीत बसला. खुब्यातून कळ आली. स्वच्छ धोतर मळलं.

"बाबा, डॉक्टरनी खाली बसू नका सांगितलंय," विपुल बांधावरून म्हणाला. तो खाली उतरला नाही. नागूनंही त्याला ये म्हटलं नाही. आयुष्यभर सांगूनच तर सगळं करून घेतलं होतं त्याच्याकडून.

"वैनी, वाल दे."

चिंधीनं त्याच्या ओंजळीत मूठभर वाल ओतले. नागूनं बोटानं मातीत भोक पाडलं, पहिला दाणा आत सोडला आणि वरून माती दाबली. दाबलेला हात त्यानं लगेच उचलला नाही.

"आलो रं दादा," तो म्हणाला.

चिंधीनं ऐकलं. वाटी तिनं त्याच्याकडे सरकवली आणि पुढच्या ओळीसाठी कुदळ उचलली.